चॅनल छत्तीस

१५ जानेवारी २०००, शनिवार. मंगफ, कुवेत

ईदची सुट्टी संपली. हे पहाटेच्या बसने रिफायनरीत गेले. मी चहा घेऊन कॉम्प्युटरपुढे बसले, तर अमेरिकेतल्या गॉर्डनसाहेबांची मेल येऊन पडलेली. तीनच ओळी. डोळ्यांचं ऑपरेशन आहे, रेल्वे-रेडिओची यादी सांभाळणं आता होत नाही, गेल्या चार महिन्यांत सगळ्यात जास्त चुका तुम्ही काढल्यात, तेव्हा यापुढे तुम्हीच बघा. खाली पासवर्ड.

दोनदा वाचलं. भुसावळला रेल्वेच्या कंट्रोल ऑफिसात एकोणीस वर्षं टेलिप्रिंटर बडवला, नोकरी सोडून इथे ह्यांच्याकडे आले त्याला दीड वर्ष झालं. पण तिथेसुद्धा असा चार्ज मला कुणी दिला नव्हता. चहा गार होऊन गेला.

संध्याकाळी ह्यांना सांगितलं. "पगार?" म्हणाले. म्हटलं, नाही. "रजा?" तीही नाही. "मग अगदी रेल्वेसारखंच की," म्हणाले आणि बातम्या लावल्या. ह्यांना यात रस नाही. असो. कंपनीने दिलेली डायरी ह्यांना नको होती, ती मी घेतली. आजपासून यादीचं आणि माझं जे काय होईल ते यात.

१८ जानेवारी, मंगळवार

समोरच्या फ्लॅटमधली रबिया आली होती. श्रीवर्धनची, पंधरा वर्षांपासून इथे, एका दवाखान्यात रिसेप्शनला असते. तिला समजावता समजावता मलाच नीट समजलं.

अमेरिकेत आगगाडीचा ड्रायव्हर आणि कंट्रोल वायरलेसवर बोलतात. काही हौशी लोक एक छोटा रेडिओ बाळगतात, त्याला स्कॅनर म्हणतात, आणि ते बोलणं ऐकतात. गाडी कुठे आली, का थांबली, सगळं कळतं. पण कुठली रेल्वे कुठल्या फ्रिक्वेन्सीवर बोलते ते माहीत पाहिजे. ते जिथे लिहून ठेवलंय ते इंटरनेटवरचं पान म्हणजे आमची यादी. तिकडे रेल्वे कंपन्या विकल्या जातात, एकमेकींत मिसळतात, चॅनल बदलतात. म्हणून यादी सारखी ताजी ठेवावी लागते.

"अगो, पण तुझ्याकडं तो रेडिओ कुठाय?" रबिया म्हणाली.

"नाही. इथे परवानगी लागेल. आणि ठेवून ऐकणार काय? या देशात रूळच नाहीत."

"मग?"

"ते लोक ऐकतात, मला कळवतात, मी लिहिते."

"म्हणजे जेवतात ते, आणि भांडी तू घासतेस."

हसले, पण तसं नाही. प्रत्येक चॅनलला एक आकडा ठरलेला आहे. चॅनल छत्तीस म्हणजे १६०.६५०. चौपन्न म्हणजे १६०.९२०. कुणी चौपन्नपुढे १६०.९०२ लिहिलं की माझ्या डोळ्यांत खुपतं. ऐकणाऱ्यांच्या ते लक्षात येत नाही, कारण ते ऐकत असतात. मी फक्त आकडे बघते.

एक गोष्ट रबियाला सांगितली नाही. मेलवर माझं नाव आर. एस. बऱ्हाटे आहे. सगळे 'डियर मिस्टर बऱ्हाटे' म्हणून लिहितात. मी कुवेतमध्ये आहे हेही गॉर्डनसाहेबांसकट कुणाला माहीत नाही. कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

३ फेब्रुवारी, गुरुवार

सुट्टी. हे सकाळीच अम्गऱ्याला गेले. तिथे भंगारवाल्यांच्या रांगाच्या रांगा आहेत, कंपन्या बंद पडल्या की त्यांचं सामान तिथे येऊन पडतं. दुपारी एक फिरती खुर्ची घेऊन आले. एक चाक तुटलेलं, ते कसल्याशा बेअरिंगवर बसवलं, तेल घातलं, पुन्हा पुन्हा फिरवून बघितली. म्हणाले, "माझी कंबर धरते. टीव्ही बघायला बरी पडेल." ठेवली मात्र कॉम्प्युटरसमोर, कारण दुसरीकडे जागा नाही म्हणे. दिवसभर मीच बसले. उठायला लागले तर, "बस, बस, मला सोफाच बरा." मग आणली कशाला? माझी मान मात्र आज दुखली नाही.

२२ फेब्रुवारी, मंगळवार

पाइन फोर्क अँड वेस्टर्न नावाच्या एका चिमुकल्या रेल्वेपुढे गॉर्डनसाहेबांनी प्रश्नचिन्ह ठेवलं होतं. सदतीस मैलांची एकच लाइन, धान्य वाहून नेते, नेब्रास्का राज्यात. ते प्रश्नचिन्ह आज काढलं. अल्विन हॉब म्हणून एक गृहस्थ तिथून दर मंगळवारी रिपोर्ट पाठवतात. आजचा हा सहावा: "चार दहाची पश्चिमेकडची धान्यगाडी पाइन फोर्कहून सुटली, चौदा मिनिटं लेट. अठरा डबे. पुलाआधी वेग कमी करायला सांगितलं. चॅनल छत्तीस."

इतका नेटका रिपोर्ट दुसऱ्या कुणाचा येत नाही. सहा आठवडे, एक अक्षर जास्त नाही. मी त्या ओळीपुढे 'पक्कं' लिहिलं आणि त्यांना नेहमीची पोच दिली: मिळालं, नोंद घेतली, बऱ्हाटे.

१७ मार्च, शुक्रवार

वफ्राला जाऊन आलो. तिथल्या मळ्यांत हिवाळ्याची वांगी अजून आहेत. आपल्याकडच्या भरताच्या वांग्यांसारखी पांढरट हिरवी नाहीत, काळी आहेत, पण आकाराने तेवढीच. गॅसवर भाजली, मिरच्या-लसूण ठेचून भरीत केलं. हे दोनदा वाढून घेऊन म्हणाले, "कम्प्लेंट निल." एवढंच म्हणतात. सव्वीस वर्षांत याच्या पलीकडे प्रगती नाही.

पानाच्या तळाशी एक मोजणी आहे, कुठल्या तासाला किती जण येऊन गेले ते दिसतं. आपल्या सकाळी दहाला तिकडे मध्यरात्र असते, त्या वेळी फारसं कुणी नसतं. पण एक जण रोज दहाला येतोच. शनिवार ते बुधवार. गुरुवारी-शुक्रवारी नाही. म्हणजे सुट्टी आपल्यासारखी, माणूस आखातातलाच. सौदीत दम्मामकडे रेल्वे आहे, तिथला कुणी हौशी असणार. ह्यांना सांगितलं. म्हणाले, "असेल. सौदीत लोकांना वेळ बराच असतो."

१७ मे, बुधवार

ह्यांना तीन दिवस ताप. आज उतरला, मुगाची खिचडी खाल्ली. पडल्या पडल्या म्हणाले, "त्या मोंटानाच्या लाइनचं नीट झालं का?" मी परवाच ते दुरुस्त केलं होतं. मी बोलले असेन कधी तरी. तापात माणसाला भलतंच आठवतं.

दम्मामवालाही तीन दिवस आला नाही. तिकडेही साथ असेल.

२० जून, मंगळवार

सत्तेचाळीस डिग्री. गॅलरीतली तुळस ओढणीने झाकली. अल्विनसाहेबांचा रिपोर्ट: बर्फ काढायचं इंजिन पुढे जोडून गाडी सोडली, चौदा मिनिटं लेट. जूनमध्ये बर्फ! केवढा देश, असेल कुठे उंचावर. चौदा मिनिटांची शिस्त मात्र मोडली नाही.

यादीत आता पाचशेबारा ओळी पक्क्या आहेत. सलोनीचा पुण्याहून फोन आला होता, तिला सांगितलं. "आई, यू आर फेमस," म्हणाली. लेक लाडाने बोलते. पण खोटं का लिहू, बरं वाटलं. सकाळी हे गेल्यावर पूर्वी घर खायला उठायचं. आता साडेअकरा कधी वाजतात कळत नाही.

२२ जुलै, शनिवार



हौशी लोकांच्या ग्रुपवर ड्वेन नावाच्या माणसाने सगळ्यांसमोर लिहिलंय. बायको आणि दोन मुलांना गाडीत घालून दोनशे मैल गेला, पाइन फोर्कची लाइन ऐकायला. तिथे रूळच नाहीत. त्र्याण्णव सालीच उखडले. आता तिथे सायकली फिरवायचा रस्ता आहे. "आणि यादीत पक्कं लिहिलंय. हा बऱ्हाटे आहे कोण? राहतो कुठे? जन्मात कधी रेल्वेचा रेडिओ ऐकलाय का त्याने?"

तिन्ही प्रश्नांची उत्तरं मला येतात, हेच वाईट.

पहिला राग आला तो अल्विनवर. सत्तावीस रिपोर्ट, सत्तावीसही खोटे! तशीच मेल लिहिली: तुम्ही खोटे रिपोर्ट का पाठवता, तुमच्यामुळे एका माणसाची पोरंबाळं उन्हात फिरली, माझी लाज गेली. पाठवूनही टाकली. मग कॉम्प्युटरवर टॉवेल टाकला.

२७ जुलै, गुरुवार

पाच दिवस टॉवेल तसाच.

दुपारी हे भेंडी चिरत बसले होते. सुट्टीच्या दिवशी चिरतात कधी कधी. मान वर न करता म्हणाले, "तो सायकलवाला काय म्हणतो?"

"कोण सायकलवाला?"

"तेच ते. रुळांच्या जागी सायकलचा रस्ता."

मी ह्यांना काही बोलले नव्हते. बहुतेक झोपेत बडबडले. मग सगळं सांगितलं, रडलेही थोडी. म्हटलं, बंदच करते. मला कशाला हवी ही उठाठेव. कधी न ऐकलेल्या गाड्यांची यादी!

"तुमच्या कंट्रोलमध्ये चुकीचा मेसेज गेला की काय करायचात?"

"काय करणार? रद्दचा मेसेज. नंबर घालून, सही करून, ज्यांना ज्यांना पहिला गेला त्या सगळ्यांना. आणि प्रत्येकाकडून पोच."

"मशीन बंद करायचात?"

"काहीतरीच. मशीन कसं बंद करता येईल?"

"मग झालं तर," म्हणाले आणि भेंड्यांची देठं गोळा करून उठले.

३१ जुलै, सोमवार

सकाळी टॉवेल काढला. तीन वेळा लिहून खोडलं, शेवटी टेलिप्रिंटरवर बसल्यासारखं लिहिलं तेव्हा जमलं. प्रत इथे ठेवते.

"मेसेज नंबर एक. सर्वांसाठी. पाइन फोर्क अँड वेस्टर्न, चॅनल ३६, 'पक्कं' रद्द. लाइन १९९३ पासून बंद आहे. चूक माझी. दुसऱ्या कुणाकडून पडताळून न घेता लिहिलं. यापुढे दोन वेगवेगळ्या माणसांनी ऐकल्याशिवाय कुठलीही ओळ पक्की होणार नाही. विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं: माझं नाव रत्नमाला, मी बाई आहे. कुवेतमध्ये राहते. इथे रेल्वे नाही. माझ्याकडे स्कॅनर नाही. तुमच्या कुठल्याही रेल्वेचा रेडिओ मी आजवर ऐकलेला नाही. एकोणीस वर्षं भारतीय रेल्वेत मेसेज घेतले आणि पाठवले, तेवढंच येतं. चार्ज दुसऱ्या कुणाला हवा असेल तर द्यायला तयार आहे. पोच द्यावी."

पाठवून टाकलं. आंघोळ करून देवाजवळ दिवा लावला. दुसरं काही हातात नव्हतं.

२ ऑगस्ट, बुधवार

रबिया या तारखेला फार बोलत नाही. नव्वद साली याच दिवशी इराकचं सैन्य कुवेतमध्ये शिरलं, तेव्हा ती इथेच होती. सकाळी येऊन चहा पिऊन गेली. जाताना स्क्रीनकडे बघून म्हणाली, "किती आले?"

एकतीस पोच आल्या! दोघांनी लिहिलं, यादी अमेरिकेतल्याच माणसाकडे हवी. एकाने लिहिलं की बाईने ड्वेनच्या मुलांना आइस्क्रीम पाठवावं. एक जण रागावून कायमचा गेला. बाकीच्यांनी नुसतं लिहिलं, मिळालं, नोंद घेतली. माझीच पोच मला.

गॉर्डनसाहेबांचं मोठं उत्तर होतं, नव्या चष्म्यातून टाइप केलेलं, चुकांनी भरलेलं. "पाच वर्षं मी कान लावून यादी चालवली. त्यात काय काय चुकलं होतं ते हिने मला न ऐकता दाखवलं. चार्ज मी हिला दिलाय. परत मागत नाही."

ड्वेनची पोच नाही.

५ ऑगस्ट, शनिवार

पानावर पाहुण्यांनी अभिप्राय लिहायची जागा आहे. आज दहा वाजून सात मिनिटांनी कुणी लिहिलंय. नाव नाही. "लिस्ट इज गुड. मॅडम इज सिन्सिअर. प्लीज कंटिन्यू. कम्प्लेंट निल."

दम्मामवालाच! इंग्रजी अगदी आपल्यासारखं, म्हणजे तिथला कुणी भारतीय असणार. 'कम्प्लेंट निल' कुठेतरी ऐकल्यासारखं वाटलं, रेल्वेतलंच असेल. संध्याकाळी ह्यांना वाचून दाखवलं. हे रिमोट शोधायला सोफ्याखाली वाकले ते बराच वेळ वर आलेच नाहीत. रिमोट टेबलावर होता.

मी त्याच्याखाली लिहिलं, "आभारी आहे. आपण कोण?" बघू.

९ ऑगस्ट, बुधवार

ड्वेनचं उत्तर. एकच ओळ: "दोन माणसांचा नियम बरा आहे. दुसरा माणूस मी." खाली सात लाइनींची नावं, प्रत्येकीपुढे तारीख, वेळ, काय ऐकलं ते. त्यातल्या दोन मी चुकीच्या पक्क्या केल्या होत्या, त्याही न चिडता दाखवल्यात. माफी नाही, रागही नाही. आमचा छत्तीसचा आकडा सुटला म्हणायचा.

दम्मामवाल्याने नाव सांगितलं नाही. लाजाळू दिसतो.

२२ ऑगस्ट, मंगळवार

अल्विनच्या मुलीचं पत्र आलं. मी महिन्यापूर्वी पाठवलेल्या त्या मेलचं उत्तर.

"वडील चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत. एकतीस वर्षं ते त्या लाइनचे डिस्पॅचर होते. आता वृद्धाश्रमात असतात. उशाशी स्कॅनर आहे, त्यातून नुसती खरखर येते, पण त्यांना त्यात गाड्या ऐकू येतात. दर मंगळवारी ते सांगतात आणि मी लिहून पाठवते. पाठवलं नाही तर बेचैन होतात, ताट परत करतात. तुमचं उत्तर आलं की वाचून दाखवते, 'मिळालं, नोंद घेतली, बऱ्हाटे'. मग म्हणतात, बऱ्हाटे चांगला माणूस आहे, लाइनवर असतो. हे कुणी खरंच कुठे छापत असेल असं माझ्या ध्यानीमनी नव्हतं. माझ्यामुळे तुम्हाला त्रास झाला, क्षमा करा. तुमची शेवटची मेल मी त्यांना वाचून दाखवली नाही."

डिस्पॅचर म्हणजे आपला कंट्रोलर. ती खुर्ची मी एकोणीस वर्षं काचेपलीकडून बघितली. डोक्याला हेडफोन, पुढ्यात गाड्यांचा तक्ता, आणि आठ तास एका माणसाच्या कानात साठ स्टेशनं. आमचे एक साहेब रिटायर झाल्यावर घरात दाराची कडी वाजली तरी "कंट्रोल" म्हणायचे. आम्ही हसायचो. आणि मी या माणसाला खोटारडा लिहिलं.

पत्राखालीच या मंगळवारचा रिपोर्ट होता. अठरा डबे, चौदा मिनिटं लेट. बराच वेळ विचार केला. शेवटी लिहिलं: मिळालं, नोंद घेतली, बऱ्हाटे.

हे खोटं आहे का? मेसेज मिळाला, हे खरं. इथे वहीत नोंद केली, हेही खरं. गाडी होती का, हे पोच देणाऱ्याला कुणी विचारत नाही.

३ सप्टेंबर, रविवार

परवा गणपती बसले. मोदक करताना हात मोकळे नव्हते तेव्हा डोकं चाललं.

चालू यादीत पाइन फोर्क ठेवता येत नाही, नियम म्हणजे नियम. पण बंद झालेल्या लाइनींचं वेगळं पान का नको? कोण कुठल्या चॅनलवर बोलायचं, कंट्रोल कुठे बसायचं, शेवटची गाडी कधी गेली. आज ते पान उघडलं. पहिली ओळ: पाइन फोर्क अँड वेस्टर्न, चॅनल ३६, १६०.६५०, माहिती देणारे अल्विन हॉब, डिस्पॅचर.

मुलीला कळवलं आणि अल्विनसाहेबांसाठी चार प्रश्न पाठवले. पुलाआधी वेग कमी का करायचा? पाइन फोर्कला गाडी बाजूला घ्यायचा वळणमार्ग किती डब्यांचा? रात्री उत्तरं हजर. पुलाचा तिसरा खांब एकोणीसशे बासष्टच्या पुरात हलला होता. वळणमार्ग बावीस डब्यांचा, पण बाविसावा दारू प्यायल्यासारखा बाहेर डोकावतो. मुलगी लिहिते, बाबा आज आपणहून उठून बसले, म्हणाले कुणीतरी ट्रेनी नेमलेला दिसतो, बरोबर प्रश्न विचारतो.

चाळीस वर्षांची बाई, कंट्रोल ऑफिसात मुरलेली, आणि ट्रेनी! नाही, वय सत्तेचाळीस आहे, चुकून सात वर्षं कमी लिहिली. आनंदात आकडे चुकतात.

१० ऑक्टोबर, मंगळवार

बंद लाइनींच्या पानावर त्रेसष्ट ओळी झाल्या. इतकी पत्रं चालू यादीला कधी आली नाहीत. कुणाचे वडील, कुणाचा मामा, कुणी स्वतः.

ड्वेन अल्विनसाहेबांना भेटून आला. पुन्हा दोनशे मैल, यावेळी एकटाच. या माणसाची इतकी मोठी मेल मी पहिल्यांदा बघितली. "म्हातारबाबांनी दोन तास खुर्चीवरून उठू दिलं नाही. लाइनवर लक्ष दे, म्हणाले. खरखरीकडे लक्ष देऊन बसलो. चार दहाला नाही, चार चोवीसला त्यांनी हात वर केला. मला काही ऐकू आलं नाही. तरी पण मी घड्याळ बघितलं आणि वेळ लिहून घेतली."

मुलीच्या घरी कपाटात जुन्या कॅसेट सापडल्यात. शेवटच्या दिवशी, त्र्याण्णवमध्ये, कुणीतरी ऑफिसातला रेडिओ टेप केला होता. ड्वेनने त्याची प्रत काढून माझ्या पत्त्यावर टपालात टाकली आहे. "तुम्ही आमच्यापैकी एकदा तरी कुणाला ऐकलंच पाहिजे."

१५ नोव्हेंबर, बुधवार

टपालाच्या कस्टममधून चिठ्ठी. पाकिटात कॅसेट आहे, तपासणीशिवाय मिळणार नाही, समक्ष या. रबिया म्हणाली, "ऐकून बघतील, मगच देतील. कुणाची गाणी, कुणाची भाषणं, काय सांगावं. घाबरू नको, पण एकटी जाऊ नको."

हे म्हणाले, शनिवारी मी येतो. म्हटलं, अहो, तुमच्या रिफायनरीत दुरुस्तीचं शटडाऊन चालू आहे, कालच म्हणालात मान वर करायला फुरसत नाही. म्हणाले, "शनिवारी नेमकं काम नाही." बरं झालं, योग जुळला.

१८ नोव्हेंबर, शनिवार

जाऊन आलो. सगळं लिहून ठेवते, नाहीतर उद्या वाटेल मीच रचलं.

लांब हॉल, काउंटर, काउंटरमागे मुस्तफा नावाचे इजिप्शियन कारकून, पिकल्या मिशा, नाकावर चष्मा. पाकीट फोडलं, कॅसेट उलटसुलट केली. "एह दा?" हे काय आहे?

ह्यांचं अरबी साइटवरचं, पाने-पंपांपुरतं. "कितार," हे म्हणाले. आगगाडी.

"कितार? शरीतमध्ये?" शरीत म्हणजे कॅसेट. मुस्तफांनी आमच्याकडे एकदा नीट बघितलं. मग ह्यांना समजेल असं सावकाश सांगितलं: एक बाजू पूर्ण ऐकायची, नियम आहे. दुसरी बाजू ऐकायची गरज नसते. त्यांनी टेबलावरच्या टेपमध्ये कॅसेट घातली.

खरखर. मग माणसाचा आवाज. पहिली पाच मिनिटं एक शब्द कळेना, तोंडात गरम बटाटा धरून बोलल्यासारखं इंग्रजी. मग आकडा आला. वेळ, मैलाचा दगड, डब्यांची संख्या. आकडे मला कुणाच्याही तोंडून कळतात. आकड्यांना धरून शब्द आले आणि एकदम सगळं दिसायला लागलं. अकरा रिकामे डबे. समोरून गाडी नाही. पुलाआधी हळू. खरोखरची गाडी, खरोखरचे रूळ, आणि मधे तो माणूस, अल्विन हॉब, जाड, शांत आवाज, प्रत्येक आकडा परत म्हणून दाखवणारा. आमच्या साहेबांसारखाच. भाषा वेगळी एवढंच.

बाजू संपत आली तेव्हा ड्रायव्हरने हाक मारली. "डिस्पॅचर." उत्तर नाही. "डिस्पॅचर, डिस्पॅचर." नुसती खरखर. मी खुर्चीत पुढे सरकले. तो माणूस पुलावर उभा आहे, कुणीतरी उत्तर द्या! आणि माझ्या तोंडून निघून गेलं, चांगलं मोठ्याने, "कंट्रोल बोलतंय, बोला!"

हॉलमधली माणसं वळून बघायला लागली. मुस्तफांचा चष्मा नाकावरून खाली आला. आणि टेपमधून अल्विनसाहेब बोलले. आवाज जरा बसलेला. वेळ सांगितली. पुढचा मार्ग मोकळा आहे म्हणाले. ड्रायव्हरने विचारलं, आणखी काही ऑर्डर? अल्विनसाहेब म्हणाले, "काही नाही, अर्ल. तिला घरी घेऊन जा."

मग खरखर, मग खट्ट.

माझे डोळे भरले होते. ह्यांनी खिशातून रुमाल काढून माझ्या हातात दिला आणि समोर भिंतीकडे बघत राहिले. मुस्तफांनी विचारलं, शेवटी काय म्हणाला तो? मी सांगितलं, ह्यांनी जमेल तसं अरबीत केलं. मुस्तफा म्हणाले, त्यांचं घर इजिप्तमध्ये तांत्याला आहे, स्टेशनच्या मागे. आई अजून गाडीच्या आवाजावर चूल पेटवते.

मग त्यांनी रजिस्टर ओढलं. त्यात रकाने छापलेले होते, गाणी, धार्मिक, भाषण, चित्रपट. पेन त्या चारी रकान्यांवरून फिरलं आणि कुठेच टेकलं नाही. शेवटी समासात, उभ्या जागेत, त्यांनी बारीक अक्षरात काहीतरी लिहिलं. ह्यांनी विचारलं, काय लिहिलंत? त्यांनी बोट ठेवून वाचून दाखवलं, हे मला मराठीत सांगत गेले: "एक माणूस गाडीला घरी जायला सांगतो. आक्षेप नाही."

शिक्का मारला. मी हात पुढे केला. मुस्तफांनी कॅसेट टेपमधून काढली, पुसली, उलटी केली आणि दुसरी बाजू लावली. मग शिपायाला हाक मारून तीन चहा सांगितले.